उकिरड्याचं दैव : घरच्या घरी खत, आपल्या मातीला मानवेल असं

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं बोलले, जवळजवळ तसंच ठेवलंय.)

मी वैजापूरहून बोलतेय, आमच्या गच्चीवरून. मागं चिमण्यांचा गलका ऐकू येत असेल तर तो तसाच राहू द्या, त्यांनाही बोलू द्या. जून उजाडलाय. रोज दुपारी आभाळ भरून येतं, चार थेंब टाकतं आणि पुढं निघून जातं. आपल्याकडची ही जुनीच सवय आहे त्याची.

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त विचारणा एकाच गोष्टीची आली. ताई, घरच्या घरी खत कसं करायचं? अंड्याची टरफलं टाकू का? केळीच्या सालीचं पाणी देऊ का? चुलीची राख चालेल का? चहाचा चोथा?

सगळ्यांची उत्तरं देते. पण आधी माझी एक चूक सांगते, कारण ती चूक केली नसती तर मला हे काहीच कळलं नसतं.

माझ्या माहेरच्या अंगणात कढीपत्त्याचं मोठं झाड होतं. त्याच्या मुळातून फुटलेलं एक रोप आईनं मला दिलं होतं, ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आणलं मी ते. पुढच्या वर्षी आई गेली. मग घर विकलं, झाडही गेलं. त्यामुळं गच्चीवरच्या ड्रममधलं ते रोप म्हणजे माझ्यासाठी काय आहे, हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

चार वर्षं ते छान वाढलं. मग मी मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागले. एकानं सांगितलं, राख घाला, पालाश मिळतं. दुसऱ्यानं सांगितलं, अंड्याची टरफलं घाला, कॅल्शियम मिळतं. आमच्या सासूबाईंचं तर राखेवर प्रेमच. पाणी तापवायचा बंब अजून आहे आमच्याकडं, त्याची राख रोज निघते. झालं, दर आठवड्याला मूठ मूठ राख सगळ्या कुंड्यांना सुरू.

दोन-तीन महिन्यांत कढीपत्त्याची नवी पानं पिवळी यायला लागली. पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, जाळी काढल्यासारख्या. मला वाटलं, झाडाला भूक लागली. म्हणून राख वाढवली! शेजारचा मोगरा तर त्या उन्हाळ्यात गेलाच. कढीपत्त्याची शेंड्याची पानं पांढरट पडून गळायला लागली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

आमच्या गल्लीत एक काका राहतात, कृषी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना वर बोलावलं. त्यांनी पान बघितलं, ड्रमच्या कडेला आलेला पांढरा थर नखानं खरवडला आणि मला म्हणाले, "घरात व्हिनेगर आहे का?" मी नूडल्ससाठी आणलेली बाटली दिली. काकांनी ड्रममधली चमचाभर कोरडी माती बशीत घेतली आणि वर थोडं व्हिनेगर ओतलं. माती फसफसली! सोडा टाकल्यावर फसफसतं ना, अगदी तसं.

काका म्हणाले, "बाई, हा चुना बोलतोय. मातीत आधीच चुनखडी, बोअरच्या पाण्यात चुना आणि वरून तुम्ही राख घालताय. झाडानं करायचं काय?"

आता यामागची गोष्ट नीट समजून घेऊ, कारण आपल्या भागातल्या प्रत्येक बागवाल्याला ती लागू आहे. आपली काळी माती बेसाल्ट खडक झिजून तयार झालेली. तिच्यात लोहाला तोटा नाही. पण मातीचा सामू म्हणून एक मोजमाप असतं. सात म्हणजे मधोमध. त्याच्या खाली आम्ल, म्हणजे आंबट, आणि वर विम्ल, म्हणजे खारट-चुनखडीकडं झुकलेली. मराठवाड्यातल्या काळ्या जमिनींचा सामू साधारण साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो. सामू असा चढा असला की मातीतलं लोह झाडाला घेता येत नाही. ताट वाढलेलं समोर आहे आणि हात बांधलेले, अशी गत. म्हणून नवं पान पिवळं पडतं आणि शीर हिरवी राहते. राखेनं सामू आणखी चढतो. म्हणजे मी उपाशी माणसाचे हात आणखी घट्ट बांधत होते.

मग राखेचा सल्ला खोटा का? तसं नाही. कोकणात जांभी माती आहे, धो धो पाऊस पडतो, मातीतला चुना वाहून जातो, माती आंबट होते. तिथं राख हे औषध आहे. व्हिडिओ करणाऱ्याची माती कुठली, हे आपण विचारत नाही, एवढीच गडबड.

सासूबाईंना मी हे सांगितलं तर त्यांना पटेना. "अगं, आमच्या उकिरड्यात सगळ्या गल्लीची राख पडायची. राखंनं कुठं झाड मरत असतंय का?"

त्यांचं म्हणणं मी आधी हसण्यावारी नेलं. नंतर विचार केला, आणि त्या चूक नव्हत्या. उकिरड्यात काय काय पडायचं बघा. गोठ्यातलं शेण, जनावरांनी टाकलेलं वैरणीचं बुरकुंड, झाडलोट, पालापाचोळा, भाजीची देठं, आणि त्यात राख, किती? चिमूटभरच म्हणायची. वर पाऊस. वर्षभर ते सगळं कुजायचं आणि अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे गाड्या भरून शेतात जायचं. तोवर राख राख राहिलेलीच नसायची. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला काम करून जी 'इंदूर पद्धत' मांडली, यशवंत वाड यांच्याबरोबर १९३१ साली पुस्तकही लिहिलं, तिच्यातही थर देताना थोडी राख आहेच. पण ती ढिगात आहे, झाडाच्या बुंध्याशी नाही.

तर मंडळी, आजच्या भागाचं सार एवढंच आहे. घरातली वस्तू थेट कुंडीत टाकायची नाही. आधी ती कुजवायची. झाडाला भरवायला जाऊ नका, मातीला जेवू घाला. झाडाचं माती बघून घेईल.

आता कृती. ऐकता ऐकता लिहून घेतलंत तर बरं.

रंगाची वीस लिटरची रिकामी बादली घ्या, झाकणाची. दोन मिळाल्या तर उत्तम, एक भरेपर्यंत दुसरी पिकते. नीट धुवा. बुडाला पाच-सहा भोकं पाडा, आणि अंगाला चारही बाजूंनी, बोटभर अंतरावर, बारीक भोकं. तापलेल्या सळईनं पडतात. बादली दोन विटांवर ठेवा, सावलीत. खाली एक जुनी ताटली. तळाला नारळाच्या शेंड्या किंवा बारीक काटक्या, तीन बोटं जाडीचा थर.

आता रोजचा कचरा. भाजीची देठं, सालं, कांद्याची टरफलं, चहाचा चोथा. चोथ्यातली साखर एकदा पाण्यानं धुऊन टाका, नाहीतर मुंग्यांचं संमेलन भरतं. कांद्याचा आपला तालुका, त्यामुळं टरफलं भरपूर, ती खुशाल टाका. केळीची साल बोटभर तुकडे करून टाका. तिचं नुसतं पाणी करून पाजण्यात फार काही हाती लागत नाही, साल कुजली की त्यातलं पालाश मातीला मिळतं. अंड्याची टरफलं आपल्या चुनखडीच्या मातीत विरघळतच नाहीत, वर्षानुवर्षं तशीच पडून राहतात. नाही टाकली तरी चालेल.

टाकायचं नाही ते: लोणचं, खारट आमटी, तेलकट उरलंसुरलं, दूध, मांस-मासळी. मीठ तर अजिबात नको. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार आहेतच, त्यात आपण भर घालायची नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. एक मूठ ओला कचरा टाकला की त्यावर दोन मुठी सुका पाला, हातानं चुरून. हे चुकवू नका. खत नासतं ते याच ठिकाणी. कुजवणारे जिवाणू असतात ना, त्यांना नत्र लागतं आणि कर्बही लागतो, साधारण एकाला पंचवीस-तीस या प्रमाणात. ओल्या कचऱ्यात नत्र आणि पाणी जास्त, सुक्या पाल्यात कर्ब जास्त. नुसता ओला कचरा टाकला की हवा कोंडते, काळं पाणी सुटतं आणि घरातले लोक तुम्हाला बादलीसकट बाहेर काढतात.

सुका पाला कुठून आणायचा? लिंबाखाली पडलेला असतोच. तो जाळण्यापेक्षा पोत्यात भरून ठेवा. आणि माझी एक युक्ती सांगते. उन्हाळ्यात रसवंतीवर जा, उसाची चिपाडं मागा. पोतंभर देतात हो, त्यांनाही ती टाकायचीच असतात. दोन दिवस कडक उन्हात वाळवा, कात्रीनं बारीक करा. उसाचा गोडवा राहिला की मुंग्या येतात, म्हणून वाळवायचं.

विरजण म्हणून सुरुवातीला मूठभर जुनं शेणखत, नाहीतर वाटीभर आंबट ताक. दर तीन-चार दिवसांनी काठीनं खालीवर करा. आणि ओल तपासायची ती अशी: मूठभर माल हातात घेऊन दाबा. लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी ठिबकायला नको. लाडू फुटला तर पाणी शिंपडा. पाणी गळलं तर सुका पाला घाला. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये माल हमखास वाळतो आणि कुजणं थांबतं, आपल्याला वाटतं खत होतंय, पण नुसतीच काटकी होते. तेव्हा डाळ-तांदळाचं धुवण रोज थोडं शिंपडत जा. गोडं पाणी आहे ते, वाया कशाला घालवायचं?

वास आला तर सुका पाला. मुंग्या आल्या तर पाणी. पांढुरक्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचराच खातात, झाडाला काही करत नाहीत. तरी किळस वाटत असेल तर ओला कचरा दोन दिवस बंद ठेवा, सुका वाढवा.

उन्हाळ्यात दोन महिने, थंडीत तीन. बादली भरून ठेवलेली खाली बसत बसत पाव-तिसरा हिस्सा उरते. खत झालं हे कळायला पुस्तक लागत नाही. हात घालून वास घ्या. पहिल्या पावसाचा वास आला की झालं. गव्हाच्या जुन्या चाळणीनं चाळा, वरचा जाडा भरडा पुढच्या बादलीत विरजण म्हणून.

द्यायचं कसं? बारा इंची कुंडीला महिन्याला दोन मुठी. बुंध्यापासून लांब, कुंडीच्या कडेनं, खुरप्यानं वरची माती हलकी करून. वर पाल्याचं पांघरूण. आपली काळी माती वाळली की आकसते, कुंडीच्या कडेला फट पडते आणि आपण घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. वरून वाटतं पाणी दिलं, मुळं मात्र कोरडी. खत मिसळलं आणि वर पाला घातला की ही फट पडत नाही. मी आता उन्हाळ्यात दिवसाआड पाणी देते, पूर्वी दोन वेळा द्यायचे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं, ते आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. आपल्या भागात खताचा हिशेब हा शेवटी पाण्याचाच हिशेब असतो.

ज्यांच्या शेजारी गोठा आहे त्यांच्यासाठी एक पातळ खत. जीवामृत. विदर्भातल्या सुभाष पाळेकरांनी ते शेतकऱ्यांमध्ये नेलं, २०१६ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. त्यांचं प्रमाण दोनशे लिटर पाण्याचं, एकराचं. आपल्या गच्चीला दहा लिटर पुरे. दहा लिटर पाणी, अर्धा किलो ताजं शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम गूळ, पन्नास ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती, औषध न मारलेली. सावलीत ठेवा, वर गोणपाट, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळा. दोन-तीन दिवसांत तयार. एकाला दहा पाणी घालून कुंडीला मगभर, पंधरा दिवसांतून एकदा. आठवड्याच्या आत संपवा. ताजं शेण मात्र थेट कुंडीत घालू नका, मुळांशी कुजताना उष्णता करतं.

आणि आता येत्या महिन्यातलं काम. लिंबोळ्या पडायला लागतील. पिकलेल्या वेचा, गर धुऊन काढा, बिया सावलीत वाळवून ठेवा. लागतील तशा भरडून कुंडीला चमचा-दोन चमचे द्या. खतही होतं आणि मातीतल्या किडींनाही आवडत नाही. बाजारात निंबोळी पेंड पैसे देऊन आणतो आपण, आणि दारातल्या लिंबोळ्या झाडून फेकतो.

आता कुणी म्हणेल, दोन बादल्या खतानं असं काय होणार आहे?

माझी बहीण छत्रपती संभाजीनगरला राहते. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षं सगळ्या शहराचा कचरा त्यांच्या दारात पडत होता, विहिरींचं पाणी बिघडलं, माश्या, धूर. शेवटी ते म्हणाले, आता बास. मग शहरात चौकाचौकात ढीग साठले, आठवडेच्या आठवडे. बहीण फोनवर म्हणायची, "अगं, खिडकी उघडता येत नाही." मी तिला विचारलं, त्या ढिगात तुझं काय आहे? ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "देठं, सालं आणि शिळी भाजी." म्हणजे जे कुजून माती व्हायला हवं होतं तेच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तिनं नारेगावच्या दारात ठेवलं होतं. मी काही वेगळं करत नव्हते, फक्त माझं गाव लहान म्हणून माझा ढीग मला दिसत नव्हता. तिनं त्याच महिन्यात बादली सुरू केली. २०१६ च्या नियमांनी ओला-सुका वेगळा करणं घरोघरी सांगितलेलंच होतं, पण वेगळं केलेलं ओलं पुढं कुठं जातं, हा प्रश्न आपला आपणच सोडवलेला बरा.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर, गणिताचे प्राध्यापक, त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. त्यांची एक गोष्ट मला फार पटते: कुणाचं ऐकून करू नका, आपल्या जागेत लहानसा प्रयोग करा, नोंद ठेवा आणि एकमेकांना सांगा. मी राखेच्या वेळी नोंद ठेवली असती तर मोगरा वाचला असता. म्हणून आजपासून एक वही करा. कोणत्या कुंडीला काय घातलं, कधी, पान कसं दिसलं. आणि सगळ्यात आधी ते व्हिनेगरचं करून बघा. फसफसलं तर राख, चुना, टरफलं बंद. नाही फसफसलं तर तुमची माती वेगळी, तुमचा हिशेब वेगळा.

हो, कढीपत्त्याचं सांगायचं राहिलंच. काकांच्या सांगण्यावरून वरची चार बोटं माती काढून टाकली, त्या जागी चाळलेलं खत भरलं. एकदा हिराकसाची फवारणी केली, लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम आणि अर्ध्या लिंबाचा रस, संध्याकाळच्या वेळी. पावसाळ्यात ड्रम उघड्यावर ठेवला, पावसाच्या पाण्यानं क्षार धुऊन जाऊ दिले. पहिले दोन महिने काहीच नाही. मी रोज सकाळी चहा घेऊन त्याच्यासमोर उभी राहायचे. दिवाळीच्या सुमाराला खालून एक फूट आली, हिरवीगार. पूर्वीसारखा डेरेदार अजून झालेला नाही, एक फांदी वाळली ती वाळलीच. पण आज सकाळच्या पोह्यांत त्याचीच पानं होती.

सासूबाई अजून म्हणत नाहीत की राख चुकली. पण परवा बघते तर बंबाची राख कुंड्यांना घालायची सोडून त्यांनी डब्यात भरून ठेवली होती, भांडी घासायला. आणि भाजीची देठं स्वतः नेऊन बादलीत टाकत होत्या, वर दोन मुठी पाला. मला बघून म्हणाल्या, "बारा वर्षांनी उकिरड्याचंही दैव उघडतं म्हणतात, तुझ्या बादलीचं दोन महिन्यांत उघडलं."

चला, आज इथंच थांबते. तुमच्या मातीनं व्हिनेगर टाकल्यावर काय केलं ते मला नक्की कळवा, गावाचं नाव घालून. कोकणातल्या मैत्रिणींनो, तुमचं खास ऐकायचंय. पुढच्या भागात पावसाळ्यात कुंड्यांत साचणारं पाणी आणि गोगलगायी. तोवर काळजी घ्या, आणि देठं फेकू नका. नमस्कार!